न चाललेलें नाणें

नाणें कशासाठीं पाडतात, असें विचारलें तर लहान मूलही सांगेल कीं, तें चालावें म्हणून. एका हातांतून दुसऱ्या हातांत जावें, कोणाच्या मजुरीचें धान्य व्हावें, कोणाच्या धान्याचें औषध व्हावें आणि अखेर झिजून पुनः टांकसाळीच्या मुशींत पडावें, हा नाण्याचा धर्म. परंतु नाण्यांची एक जात या धर्मास जन्मापासूनच पारखी असते. राजा टांकसाळ पाहावयास आला असतां त्या भेटीच्या स्मरणार्थ पाडलेलीं नाणीं हीं त्या जातीचीं होत. संग्राहक यांना जपतात, तें योग्य कीं अयोग्य, हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाहीं.

१८१४ सालीं नेपोलियनचा पाडाव होऊन विजयी राजे पॅरिसमध्यें उतरले. रशियाचा अलेक्झांडर, ऑस्ट्रियाचा फ्रान्सिस व प्रशियाचा फ्रेडरिक विल्यम यांच्या टांकसाळ-भेटीचीं स्मारकें तेथें ५ फ्रँकांच्या नाण्याच्या आकारांत पाडलीं गेलीं. त्याच १८१४ सालचीं नेपोलियनच्या मुखवट्याचीं ५ फ्रँकांचीं नाणीं आहेत, आणि अठराव्या लुईचींही आहेत. पुढें १८१५ सालीं नेपोलियन परतला, तेव्हां त्याचा मुखवटाही नाण्यांवर परतला. जर्मनींत सॅक्सनीच्या राज्यांत, फ्रायबर्गजवळच्या मुल्डेनह्यूटन येथील टांकसाळीनें १८९२ सालीं राजा आल्बर्ट याच्या व १९०५ सालीं तिसऱ्या फ्रेडरिक ऑगस्टच्या भेटीप्रीत्यर्थ २ मार्कांच्या आकाराचीं स्मारकें पाडलीं. त्यांच्यावर किंमत मात्र लिहिलेली नाहीं. रूप नाण्याचें, पण काम नाण्याचें नव्हे!

आक्षेपक म्हणतील कीं, ही निव्वळ खुशामत होय, आणि ती जपून ठेवणारा तिचा भागीदार होय. राजाला त्याचाच चेहरा भेट द्यावयाचा, आणि ज्यांनीं तो कोरला, ज्यांनीं चांदी वितळविली, त्यांचें स्मारक कोठेंच नाहीं! या आक्षेपांत तथ्य आहे. पण तें अर्धेंच आहे. खुशामत करणारें नाणें हाच खुशामतीचा पुरावाही असतो. १८१४ सालचीं तीं तीन प्रकारचीं नाणीं एका ओळींत मांडून पाहावीं. सत्ता किती लवकर पालटते आणि यंत्र कसें कोणाचीही आज्ञा सारख्याच निष्ठेनें पाळतें, हें त्यांच्याइतकें स्पष्टपणें क्वचितच कोणी सांगेल. असा साक्षीदार वितळवून टाकल्यानें खुशामत नाहींशी होत नाहीं. फक्त तिची साक्ष बुडते.

संग्राहकाचा खरा दोष निराळाच आहे. नाणें न झिजलेलें असलें कीं तो त्याला श्रेष्ठ मानतो. परंतु जें कधीं बाजारांत गेलेंच नाहीं, तें निष्कलंक राहिलें यांत विशेष तें काय? सॅक्सनीच्या चालत्या २ मार्कांच्या नाण्यांतही १० ग्रॅम शुद्ध चांदी होती. तें घासून गुळगुळीत झालें असेल, तर तितक्या हातांच्या गरजा त्यानें भागविल्या असतील. दुर्मिळता ही वस्तूची संख्या सांगते, योग्यता सांगत नाहीं. या दोहोंची गल्लत झाली, म्हणजे संग्रहाचा छंद नकळत आळसाची पूजा होऊन बसतो. आणि जो नाण्यांत आळसाला मान देतो, तो माणसांतही देऊं लागतो.

म्हणून संग्रह सोडावा, असें नव्हे. तो सत्यनिष्ठ करावा. मखमलीच्या ज्या खणांत राजाच्या भेटीचें चकचकीत नाणें ठेवावयाचें, त्याच खणांत त्याच राजाचें, त्याच टांकसाळीचें एक झिजलेलें नाणेंही ठेवावें. १९१८ सालीं फ्रेडरिक ऑगस्टचें सिंहासन गेलें. दोन्ही नाण्यांवरचा राजा सारखाच निष्प्रभ झाला. मग शिल्लक राहिलें काय? एकानें एका दिवसाचा मान पाहिला, दुसऱ्यानें अनेकांचे दिवस चालविले. पाहुण्यानें विचारल्यावर संग्राहकाचें बोट प्रथम कोणत्या नाण्याकडे वळतें, यावरून नाण्यांची नव्हे, संग्राहकाचीच पारख होते.