हक्क आणि त्याग

माणूस गेल्यावर मागे काय उरते, याची उत्तरे तत्त्वज्ञ फार पूर्वीपासून देत आले आहेत. खेड्यात त्याचे एक साधे उत्तर तलाठ्याच्या दप्तरात असते. सातबारावर त्याचे नाव उरते. ते कमी होऊन वारसांची नावे चढावीत यासाठी १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाने वर्दी द्यायला तीन महिन्यांची मुदत दिली आहे. घरच्यांना एवढा धीर नसतो. दहाव्याला कावळा शिवण्याची वाट पाहता पाहताच गटनंबरांची कुजबुज सुरू होते.

मी शाळामास्तर असल्याने असे अर्ज लिहून घ्यायला माणसे माझ्याकडे येतात. नवराबायकोच्या नावे सामाईक जमीन असली, की एकाच्या मागे ती सगळी दुसऱ्याची होते, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. मृत्युपत्र नसेल, तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे नवऱ्याच्या हिश्श्यात बायको, मुलगे, मुली आणि त्याची आई हयात असल्यास ती, असे सारे सारखे वाटेकरी. दोघांनी निम्म्यानिम्म्याने घेतलेल्या चार एकरांत दोन एकर तिचे आधीपासूनचेच. सासू नसेल आणि दोन मुलगे, एक मुलगी असेल, तर उरलेल्या दोन एकरांत तिचे आणखी वीस गुंठे. पूर्वी विधवेच्या हाती बहुधा हयातीपुरतीच मालकी येई. या कायद्याच्या चौदाव्या कलमाने तिला पूर्ण मालक केले.

आणि मग तिच्यापुढे हक्कसोडपत्र येते. "आई, तुला आता जमीन काय करायची? आम्ही आहोत ना!" हे बोलणे खोटे असतेच असे नाही. ती अंगठा उमटवते आणि गाव तिला त्यागमूर्ती म्हणते. पण आपले काय होते हे जिला कुणी सांगितलेच नाही, तिने सोडले त्याला त्याग म्हणावे काय? नाही म्हणण्याची सोय नसेल, तर हो म्हणण्याला अर्थ कसला? मुलाने आपला हिस्सा राखला तर तो व्यवहारी ठरतो, आईने राखला तर लोभी.

कसणारा तोच, पुढेमागे जमीन मुलांचीच, हा युक्तिवाद मला मान्य आहे. मग तिचे नाव राहिल्याने अडते काय? नांगर चालतो तसाच चालेल. फक्त कर्ज काढताना, तुकडा विकताना तिला विचारावे लागेल. अडचण असते ती एवढीच, आणि तिचे घरातले स्थानही त्या विचारण्यातच असते.

शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत नवऱ्यांना सांगितले, की आपल्या हयातीतच थोडी जमीन बायकोच्या नावे करा. त्यातले शहाणपण हेच, की तिला मागावे लागू नये.

आईला द्यायचेच असेल तर तिने खुशाल द्यावे. पण आधी तिचे नाव लागू द्यावे, एखादे पीक त्या नावावर निघू द्यावे. त्यानंतरही तिने दिले, तर त्यालाच दान म्हणावे.