सरोवर कोणाचे?

जे आपले असते त्याची माणूस काळजी घेतो आणि जे कोणाचेच नसते ते वाऱ्यावर सोडले जाते, असे आपण सहज म्हणून जातो. घर आपले म्हणून आपण ते झाडतो. रस्ता सर्वांचा म्हणून झाडलेला केर त्यावर लोटतो. हे निरीक्षण नवे नाही. जी वस्तू पुष्कळांच्या सामाईक मालकीची असते तिच्या वाट्याला सर्वांत कमी काळजी येते, असे ॲरिस्टॉटलने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातच नमूद करून ठेवले आहे. १९६८ साली गॅरेट हार्डिन या अमेरिकन शास्त्रज्ञाने तोच विचार अधिक कठोरपणे मांडला. सामाईक कुरणात प्रत्येक गुराखी आपले आणखी एक जनावर सोडत जातो आणि अखेर कुरणच उरत नाही, असे त्याचे प्रतिपादन होते.

या विचारसरणीच्या मुळाशी एक गृहीत दडलेले आहे. जबाबदारी ही मालकीच्या पोटी जन्म घेते, हे ते गृहीत. ते खरे मानले तर जिथे मालकी ठरलेली नाही तिथे कर्तव्यही नाही, असा निष्कर्ष निघतो. तो आपण स्वीकारावा काय? या प्रश्नाचा विचार हवेत करण्यापेक्षा युरोपातील एका सरोवराच्या काठावर उभे राहून करणे अधिक बोधप्रद ठरेल.

आल्प्स पर्वताच्या उत्तर पायथ्याशी कॉन्स्टन्सचे सरोवर पसरले आहे. त्याचा विस्तार सुमारे ५३६ चौरस किलोमीटर आणि खोली २५० मीटरहून अधिक. ऱ्हाईन नदी एका बाजूने त्यात शिरते आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडून उत्तर समुद्राची वाट धरते. जर्मनी, स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रिया या तीन राष्ट्रांचे किनारे त्याला लागलेले आहेत. ख्रिस्तसभेच्या इतिहासाची ओळख असलेल्यांना हे नाव परके वाटू नये. सरोवराकाठच्या कॉन्स्टन्स नगरातच १४१४ ते १४१८ या काळात धर्मपरिषद भरली होती. एकाच वेळी तिघांनी पोपपदावर सांगितलेला हक्क तिने निकालात काढला आणि १४१७ साली पोप पाचवे मार्टिन यांची निवड झाली. गंमत अशी, की ज्या नगरात एका आसनावरचा तिघांचा दावा मिटला, त्या नगराच्या पूर्वेस पसरलेल्या पाण्यावरचा तीन राष्ट्रांचा प्रश्न मात्र आजवर मिटलेला नाही!

सरोवराच्या मुख्य आणि विस्तीर्ण भागात तिन्ही राष्ट्रांनी मिळून मान्य केलेली सीमारेषा अस्तित्वातच नाही. स्वित्झर्लंडच्या मते सीमा पाण्याच्या मध्यातून जाते. ऑस्ट्रियाचे म्हणणे असे, की किनाऱ्यालगतचा उथळ पट्टा ज्याचा त्याचा, आणि त्यापलीकडचे खोल पाणी सर्वांचे सामाईक. जर्मनीने याबाबत निश्चित भूमिका घेतलेली नाही. दोन महायुद्धे झाली, राजवटी बदलल्या, परंतु या पाण्याचा सातबारा कोणाच्याही नावावर चढला नाही. हार्डिनचा सिद्धान्त सर्वत्र लागू पडत असता, तर हे सरोवर केव्हाच मरून जायला हवे होते.

आणि ते मरणाच्या वाटेला लागलेही होते. दुसऱ्या महायुद्धानंतर काठावरची वस्ती वाढली. शहरांचे मैलापाणी सरोवरात येऊ लागले. धुण्याच्या पावडरींतील फॉस्फेट आणि शेतातील खते पावसाबरोबर, ओढ्यानाल्यांबरोबर त्यात उतरू लागली. फॉस्फरस हे शेवाळाचे अन्न. त्याचा पुरवठा वाढला, की शेवाळ माजते. ते मरून तळाशी बसते. तिथे कुजताना पाण्यातील प्राणवायू शोषून घेते, आणि तळावर घातलेली माशांची अंडी गुदमरतात. विसाव्या शतकाच्या मध्यापूर्वी या सरोवराच्या एक घनमीटर पाण्यात जेमतेम सात मिलिग्रॅम फॉस्फरस होता. १९७९ साली तो सुमारे ८७ मिलिग्रॅमवर पोहोचला.

या ठिकाणी तिन्ही राष्ट्रांना एक सोयीची पळवाट उपलब्ध होती. आधी सीमा ठरू द्या, मग कोणी किती स्वच्छ करायचे ते पाहू, असे त्यांना म्हणता आले असते. तसे ते म्हणाले नाहीत. सरोवराच्या जलरक्षणासाठी १९५९ साली त्यांनी एक आंतरराष्ट्रीय आयोग स्थापन केला आणि १९६० साली तसा करार केला. हा आयोग म्हणजे काही न्यायालय नव्हे. त्याच्यापाशी पोलीस नाहीत. तो एकमताने शिफारशी करतो आणि त्या अमलात आणण्याचे काम प्रत्येक शासनाने आपापल्या हद्दीत करायचे असते. अशा निःशस्त्र मंडळाच्या शब्दाखातर काठाकाठाने सांडपाण्याचे नळ टाकले गेले, शुद्धीकरण केंद्रे उभी राहिली, पाण्यातून फॉस्फरस वेगळा काढण्याची व्यवस्था झाली. त्यांवर अब्जावधींचा खर्च झाला. धुण्याच्या पावडरींतील फॉस्फेटवर जर्मनीने १९८० साली मर्यादा घातली. स्वित्झर्लंडने १९८६ साली त्यावर बंदीच आणली. ८७ मिलिग्रॅमचा आकडा उतरत उतरत पुन्हा दहाच्या खाली आला. मालकी कोणाची ते ठरले नाही. जबाबदारी मात्र ठरली आणि पारही पडली.

या कामात ज्यांना किनाराच नाही असेही सहभागी आहेत. लिख्टेनस्टाइन हे चिमुकले राष्ट्र आणि स्वित्झर्लंडचा ग्राउब्युंडेन हा डोंगराळ प्रांत, दोघांचीही भूमी सरोवराला कोठेच टेकत नाही. परंतु त्यांच्या दऱ्याखोऱ्यांतले पाणी ऱ्हाईनवाटे सरोवरात उतरते. उलटपक्षी, स्टुटगार्ट शहर सरोवरापासून दूर, दुसऱ्याच नदीच्या खोऱ्यात वसलेले. तरी १९५८ पासून सरोवराचे पाणी नळाने तिथे पोहोचते. त्या एका योजनेवर आज सुमारे चाळीस लाख माणसांची तहान भागते. डोंगरातला शेतकरी आणि स्टुटगार्टमधली गृहिणी एकमेकांना कधी भेटणार नाहीत. असे असूनही, एकाने आपल्या रानात काय टाकले यावर दुसरीच्या पेल्यातले पाणी अवलंबून असते. शेजारी कोण, या जुन्या प्रश्नाचे उत्तर इथे नकाशा देत नाही, पाण्याचा उतार देतो.

संत थॉमस अक्वायनस यांनी मालमत्तेविषयी विवेचन करताना एक मार्मिक भेद केला आहे. वस्तू मिळवणे व तिची व्यवस्था पाहणे हे माणसाने आपले म्हणून करावे, ते योग्यच. पण तिचा उपभोग घेताना मात्र ती सर्वांची आहे असे समजावे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. म्हणजे मालकी ही काळजी घेण्याची एक सोय आहे, काळजीचे मूळ नव्हे. आधुनिक काळात एलिनॉर ऑस्ट्रॉम या विदुषीने स्वित्झर्लंडमधील टॉर्बेल या डोंगरी गावाच्या सामाईक कुरणांसह अनेक ठिकाणांचा अभ्यास करून १९९० साली ग्रंथ लिहिला. लोक आपसांत नियम घालून सामाईक संपत्ती पिढ्यान् पिढ्या जपू शकतात, हे त्यात तिने दाखवून दिले. २००९ साली तिला अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक लाभले. सामाईक ते उद्ध्वस्तच होणार, हा नियतीचा कायदा नव्हे.

इथे लेख संपवता आला असता. पण नीतीचा खरा पेच यापुढेच आहे. पाणी स्वच्छ झाले तसे शेवाळ घटले, शेवाळावर जगणारे सूक्ष्म जीव घटले, आणि त्यांच्यावर वाढणारी मासळीही घटली. 'फेल्शेन' हा तिथल्या कोळ्यांचा मुख्य मासा. पिढीजात मच्छीमार कुटुंबांची जाळी हलकी येऊ लागली. फॉस्फरसचे प्रमाण किंचित वाढू द्या, अशी मागणी मच्छीमारांनी केली. शासनांनी ती नाकारली. सरोवर हा काही मत्स्यशेतीचा तलाव नाही, तो लक्षावधींच्या पिण्याच्या पाण्याचा साठा आहे, ही त्यामागची भूमिका.

कोण बरोबर? माझ्या मते नकार योग्य होता. एकदा दूषिताचे माप सवलतीने वाढवू लागलो, की उद्या प्रत्येक व्यवसाय आपापले माप घेऊन येईल. शिवाय मासळीच्या ऱ्हासाला स्वच्छता हे एकच कारण नाही. पाण्याचे तापमान वाढते आहे. पाठीवर काटे असलेल्या एका लहान माशाची संख्या अतोनात फोफावली आहे. काळ्या समुद्राच्या परिसरातून आलेला आणि २०१६ साली इथे प्रथम आढळलेला क्वागा जातीचा शिंपला पाण्यातले अन्न फस्त करतो. पाणी पुन्हा मळवल्याने मासळी परतेलच, याची शाश्वती कोणी द्यावी?

परंतु नकार योग्य होता एवढे म्हटल्याने हिशेब पुरा होत नाही. सर्वांच्या हितासाठी मोजकी कुटुंबे उपजीविका गमावत असतील, तर त्या सर्वांच्या डोक्यावर त्यांचे ऋण चढते. सामाईक हित म्हणजे बहुसंख्यांची सोय नव्हे. ज्याच्या त्यागावर आपला पेला निर्मळ राहिला, त्याला विसरून पाणी पिणे हाही एक प्रकारचा अन्यायच होय. तो अन्याय कायद्याला दिसणार नाही, कारण कोणी कोणाचे काही चोरलेले नाही. तो फक्त सद्‌सद्विवेकबुद्धीला दिसेल.

या मच्छीमारांच्या बाबतीत आणखी एक घटना लक्षणीय आहे. सरोवरातील मासेमारीचे नियम काठावरची राज्ये १८९३ च्या ब्रेगेन्झ करारापासून एकत्र बसून ठरवतात. फेल्शेन संपत चालला असे दिसताच त्यांनी २०२३ साली निर्णय घेतला, आणि २०२४ पासून तीन वर्षांसाठी त्याची मासेमारी बंद झाली. ही बंदी सर्व काठांवर एकाच वेळी लागू झाली. एका काठाने जाळी ओढून ठेवली आणि दुसऱ्याने ती टाकतच राहिले, तर पहिल्याचा संयम वाया जातो. मासा मात्र वाढून कोणाच्या जाळ्यात जाईल, हे आज कोणालाच माहीत नाही. तरीही सर्वांनी मिळून थांबायचे ठरवले.

सुजाण वाचकहो, हक्क आधी आणि कर्तव्य नंतर, असा क्रम आपण कुटुंबातही किती सहज लावतो! वाटणी होईपर्यंत सामाईक विहिरीचा गाळ कोणी काढत नाही, आणि वाटणी होईतो विहीर बुजते. वृद्ध आईवडिलांना कोणी सांभाळायचे याचा निवाडा घराच्या कागदपत्रांवर अडून राहतो. हे माझे आहे काय, असे आपण आधी विचारतो. यावर कोण जगतो आहे आणि माझ्या हातून त्यात काय मिसळते आहे, हा प्रश्न त्याआधी विचारला, तर पुष्कळ वाद मिटण्याची वाट न पाहताही कामाला लागता येईल.

कॉन्स्टन्सच्या सरोवरात सीमारेषा आजही नाही. ती कधी काळी आखली गेली, तरी पाण्याला त्याची खबर लागणार नाही.