दम, जमीन आणि लोकप्रियता

एखादा खेळ किती लोक पाहतात आणि तो खेळणाऱ्याच्या शरीराकडून किती मागतो, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. परंतु क्रीडाविषयक चर्चेत ते इतक्या सहजपणे एकत्र केले जातात की, अधिक पाहिला जाणारा खेळ अधिक श्रेष्ठ आणि म्हणून त्याचा खेळाडूही अधिक कणखर, असे अनुमान न तपासताच रूढ होते. व्यावसायिक आइस हॉकी या अनुमानाला छेद देते. अमेरिकेतील चार प्रमुख व्यावसायिक सांघिक खेळांत, म्हणजे अमेरिकी फुटबॉल, बास्केटबॉल, बेसबॉल आणि आइस हॉकी यांत, तिचे स्थान लोकप्रियतेच्या दृष्टीने सामान्यतः शेवटचे मानले जाते. आणि तरीही ईएसपीएन या अमेरिकी क्रीडावाहिनीने २००४ साली तज्ज्ञांकडून ६० खेळांची काठिण्यानुसार क्रमवारी लावून घेतली, तेव्हा मुष्टियुद्धाच्या पाठोपाठ आइस हॉकीचाच क्रमांक लागला. महाराष्ट्राच्या दृष्टीने हा प्रश्न परका नाही, कारण येथे जवळजवळ एक शतक हीच विसंगती कबड्डीच्या वाट्याला आलेली आहे, आणि तिची कारणे समजून घेतल्याशिवाय ग्रामीण क्रीडाविकासाचे कोणतेही धोरण योग्य पायावर उभे राहू शकत नाही.

आइस हॉकी हा गोठलेल्या पृष्ठभागावर पोलादी पात्यांचे बूट घालून खेळला जाणारा खेळ असून त्यात प्रत्येक संघाचे गोलरक्षकासह सहा खेळाडू एका वेळी मैदानात असतात आणि २० मिनिटांचे तीन भाग मिळून सामना होतो. चेंडूऐवजी वापरली जाणारी कठीण रबराची चकती, जिला पक म्हणतात, तीन इंच व्यासाची आणि एक इंच जाडीची असते, आणि जोरकस फटक्यानंतर तिचा वेग ताशी १६० किलोमीटरच्या पुढे जाऊ शकतो. खेळाडू मात्र सलग मैदानात नसतो. साधारण ४५ सेकंदांची एक पाळी तो सर्व शक्ती पणाला लावून खेळतो, बाकावर परततो, काही मिनिटांत श्वास सावरतो आणि पुन्हा उतरतो. इतक्या अल्प काळात स्नायूंना लागणारी ऊर्जा बरीचशी प्राणवायूच्या पुरवठ्याची वाट न पाहता तयार होते, तिच्यामुळे स्नायूंत थकवा साठतो, आणि तो थकवा बाकावरच्या थोडक्या विश्रांतीत किती लवकर ओसरतो, यावर खेळाडूची खरी योग्यता ठरते. ९० मिनिटांत दहा-अकरा किलोमीटर धावणाऱ्या फुटबॉलपटूची सहनशक्ती वेगळ्या जातीची असल्यामुळे या दोघांत श्रेष्ठ कोण, हा प्रश्नच चुकीचा मांडलेला आहे. शरीराकडून कोणत्या प्रकारची मागणी केली जाते, एवढेच तुलनेत विचारता येते.

या कसोटीवर पाहिले तर जगातील रूढ सांघिक खेळांत आइस हॉकीला सर्वांत जवळचा खेळ कबड्डी ठरतो, असे म्हणण्यास सबळ आधार आहे. १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद मैदानात प्रत्येकी सात खेळाडू, २० मिनिटांची दोन सत्रे आणि ३० सेकंदांची चढाई हे पुरुषांच्या आधुनिक कबड्डीचे माप आहे. चढाईपटूला मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवरची निदान रेषा ओलांडावी लागते, प्रतिपक्षाच्या गड्याला स्पर्श करावा लागतो, आणि पकड सोडवून परत यावे लागते. हे सर्व करताना दम घुमवत राहणे, म्हणजे 'कबड्डी' हा उच्चार अखंड चालू ठेवणे, बंधनकारक असते. उच्चार हा श्वास सोडतानाच होत असल्यामुळे ज्या क्षणी शरीराला हवेची सर्वाधिक गरज असते, त्याच क्षणी नियम त्याला हवा आत घेण्यापासून रोखतो, आणि अशी अट मोठ्या सांघिक खेळांपैकी दुसऱ्या कोणत्याही खेळात आढळत नाही. शिवाय आइस हॉकीत विश्रांती प्रशिक्षक देतो आणि ती खेळाडूला ताजेतवाने ठेवण्यासाठी असते. कबड्डीत मात्र चढाईवरून सुखरूप परतलेला गडी लगेच बचावाच्या फळीत उभा राहतो, पुढच्या चढाईवर साखळीत हात गुंफतो किंवा घोटापकडीसाठी झेपावतो, आणि मर्यादित बदली सोडल्या तर विश्रांती त्याला बहुधा बाद झाल्यावरच मिळते. जो उत्तम खेळतो तोच सर्वाधिक दमतो, ही या खेळाच्या रचनेतील कठोर गोष्ट आहे. आइस हॉकीपटूच्या अंगावर शिरस्त्राण आणि संरक्षक आवरणे असतात, कबड्डीपटू जवळजवळ उघड्या अंगाने सहा-सात जणांचा भार झेलतो, हेही लक्षात घ्यावे लागते. उलट बाजूने, पात्यांवर ताशी ३० किलोमीटरहून अधिक वेगाने जात असताना तोल राखणे ही मानवी शरीराला उपजत नसलेली विद्या आहे आणि ती लहानपणापासून शिकावी लागते. त्या अंगाने आइस हॉकीचे काठिण्य निर्विवादपणे वरचढ आहे.

मग लोकप्रियता कशाने ठरते? पहिले कारण जमीन आणि हवामान हे आहे. नॅशनल हॉकी लीगच्या पद्धतीचे मैदान २०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद असते, म्हणजे त्यात कबड्डीची बाराच्या आसपास मैदाने मावतील. आणि ते गोठलेले ठेवावे लागते. कॅनडात जेथे तळी आपोआप गोठतात, तेथे हा खेळ राष्ट्रीय जीवनाचा भाग झाला. १८७५ साली माँट्रियलमध्ये बंदिस्त सभागृहात त्याचा पहिला आखीव सामना झाला आणि १९१७ साली त्याच शहरात नॅशनल हॉकी लीग स्थापन झाली. भारतात तो रुजला तोही लडाखमध्ये, कारण तेथील हिवाळा फुकट मैदान देतो, आणि त्या प्रदेशाच्या मुलींनी प्रामुख्याने घडवलेल्या भारतीय महिला संघाने २०२५ साली आशिया चषकात कांस्यपदक मिळवले. लडाखला जे बर्फाने दिले, ते सह्याद्रीच्या मावळांना भाताच्या खाचराने दिले. वेल्ह्याहून केळदकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे पासली हे गाव, किंवा भोर आणि वेल्हे (आता राजगड) या तालुक्यांतील त्यासारखी अनेक गावे डोंगरउतारावर वसलेली आहेत. तेथे फुटबॉल किंवा क्रिकेटला पुरेल एवढी सलग सपाट जमीन सहजासहजी सापडत नाही, पावसाळ्यात तर ती चिखलाखाली जाते, परंतु कापणीनंतर कोरडे पडलेले एखादे खाचर १३ बाय १० मीटरच्या मैदानाला पुरेसे ठरते. चढ चढणे, ओझे वाहणे आणि चिखलणीत पाय रोवून उभे राहणे यांतून मांड्यांना, कमरेला आणि श्वासाला जे वळण लागते, तेच पकडीला उपयोगी पडते. कबड्डी आणि कुस्ती या भागाला जवळच्या वाटतात, त्यामागे परंपरेचा अभिमान आहेच, पण त्याहून अधिक या भूगोलाचा हात आहे.

दुसरे कारण दिसण्याचे आहे, आणि त्याकडे क्रीडाभ्यासकांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही. आइस हॉकीची चकती दूरचित्रवाणीवर नजरेत भरत नाही, ही तिची जुनी अडचण आहे. ती दूर करण्यासाठी फॉक्स या अमेरिकी वाहिनीने १९९६ साली चकतीत विद्युत यंत्रणा बसवून पडद्यावर तिच्याभोवती रंगीत प्रभा दाखवली, परंतु जुन्या प्रेक्षकांना ते रुचले नाही आणि १९९८ नंतर हा प्रयोग थांबला. कबड्डीच्या बाबतीत उलट घडले. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिचे प्रात्यक्षिक केले, १९५० साली अखिल भारतीय महासंघ स्थापन झाला, बुवा साळवी यांच्यासारख्या कार्यकर्त्याने संघटनेसाठी आयुष्य वेचले, १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत तिला स्थान मिळाले. आणि तरीही शहरी मध्यमवर्गाने तिला शाळेच्या पटांगणापलीकडे किंमत दिली नाही. २०१४ साली प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि काही आठवड्यांत तीच कबड्डी देशात क्रिकेटखालोखाल पाहिली जाऊ लागली. खेळाडूंचा दम त्या वर्षी अचानक वाढलेला नव्हता. चढाईला ३० सेकंदांचे घड्याळ लागले, दोन निष्फळ चढायांनंतरची तिसरी चढाई निर्णायक ठरली, कॅमेरे जमिनीजवळ आले, आणि छोट्या मैदानातील सर्व हालचाल एकाच चौकटीत मावू लागली. चकतीला न साधलेले हे यश कबड्डीला साधले, कारण मानवी देह हीच तेथे पाहण्याची वस्तू आहे. पुणेरी पलटणने मार्च २०२४ मध्ये या लीगचे विजेतेपद पटकावले, तेव्हा त्या संघाचा कर्णधार अस्लम इनामदार हा अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्याच्या ग्रामीण भागातून आलेला तरुण होता.

मात्र या यशाची किंमत मावळातील गावाला मोजावी लागत आहे. दूरचित्रवाणीवरची आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धांतली कबड्डी मॅटवर खेळली जाते, म्हणजे कृत्रिम पदार्थाच्या जोडलेल्या तुकड्यांच्या पृष्ठभागावर, बूट घालून. मातीत पाय किंचित घसरतो आणि तेवढ्याने गुडघ्यावरचा पीळ सैल होतो. मॅटवर बूट पकड धरतो, वळण झटक्यात घेता येते, पण चुकीच्या क्षणी पाय अडकला तर गुडघ्याच्या अस्थिबंधांवर सगळा भार येतो. त्यामुळे मातीवर दहा वर्षे खेळलेला गुणी गडी निवड चाचणीत प्रथमच मॅटवर उभा राहतो, तेव्हा तो वेगळाच खेळ खेळत असतो. कुस्तीने हा पेच ओळखून महाराष्ट्र केसरी स्पर्धेत माती आणि गादी असे दोन विभाग ठेवले. कबड्डीला तसे करता आलेले नाही आणि आंतरराष्ट्रीय नियम पाहता यापुढे करता येण्याची शक्यताही कमी आहे. कॅनडात बूट, आवरणे आणि मैदानाचे भाडे यांच्या खर्चामुळे आइस हॉकी सामान्य कुटुंबांना जड जाऊ लागली आहे, आणि कबड्डी जर मॅट परवडणाऱ्यांपुरती उरली, तर जमिनीने तिला दिलेला मोठा लाभ ती स्वतःच्या हाताने गमावील. इराणने २०१८ च्या आशियाई स्पर्धांत पुरुष आणि महिला या दोन्ही गटांत भारताचे सुवर्ण हिरावले, तेव्हा या खेळावरचा मक्ता कायमचा नाही, हे स्पष्ट झाले होते.

म्हणून क्रीडा खात्याने आणि जिल्हा परिषदेने निधी वाटताना प्रेक्षकसंख्येकडे पाहणे सोडावे आणि कोणता खेळ कोणत्या जमिनीवर सहज उगवतो, हे पाहावे. आइस हॉकीच्या एका कृत्रिम मैदानाच्या खर्चात कबड्डीच्या अनेक मॅट येतील. पासली, केळद आणि परिसरातील गावांच्या मुलामुलींना शाळेच्या वयातच, पुण्यास न जाता, चालत किंवा एसटीने पोहोचता येईल अशा अंतरावर छपराखालची एक मॅट आणि तिच्यावर शिकवणारा एक पगारी प्रशिक्षक मिळावा, एवढी मागणी या तालुक्यांतील ग्रामसभांनी ठराव करून करावी.