दुष्काळाचे दोन साक्षीदार

राष्ट्रीय आपत्तीचे चित्रण अधिक खरे कोणाचे, वार्ताहराचे की कादंबरीकाराचे, हा वाद जुना आहे. वार्ता वस्तुनिष्ठ आणि कथा भावनिष्ठ, अशी सोयीची वाटणी करून आपण बहुधा त्यातून सुटका करून घेतो. बंगालच्या १९४३ च्या दुष्काळाचा विचार करू लागलो की ही वाटणी टिकत नाही.

तो दुष्काळ सरकारने अधिकृतपणे कधी जाहीरच केला नाही. जाहीर केला असता, तर दुष्काळ-संहितेनुसार मदतकार्याचे उत्तरदायित्व पत्करावे लागले असते. अशा वेळी, २२ ऑगस्ट १९४३ रोजी, इयान स्टीफन्स यांच्या संपादकत्वाखालील ‘द स्टेट्समन’ने कलकत्त्याच्या रस्त्यांवरील भुकेल्या माणसांची छायाचित्रे छापली. सरकार जो शब्द उच्चारीत नव्हते, त्याचा अर्थच वाचकांसमोर आला. वृत्तपत्रीय सत्याला मुदत असते. ते उशिरा सांगितले गेले, तर दरम्यान मेलेल्यांना त्याचा काहीच उपयोग नसतो. मात्र छायाचित्रात आली ती शहरापर्यंत पोहोचू शकलेली माणसे. जी गावातच संपली, त्यांच्यापर्यंत कॅमेरा गेला नव्हता.

तेथे कादंबरी गेली. विभूतिभूषण बंदोपाध्याय यांच्या ‘अशनि संकेत’मध्ये भूक एकाएकी अवतरत नाही. आधी तांदळाचा भाव चढतो, मग तांदूळ दिसेनासा होतो, माणसे रानातले कंद उकरू लागतात. पुरोहित आणि शिक्षक असलेला गंगाचरण आपल्या ब्राह्मण्याच्या मानावर जगत असतो; त्या मानाच्या बदल्यात मूठभर तांदूळही मिळेनासा होतो. अखेरीस अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीतील मोती मरते. तो त्या गावातला पहिला भूकबळी. आणि लगेच प्रश्न उभा राहतो, तिच्या प्रेताला हात कोणी लावायचा? भुकेने किती माणसे मेली हे वृत्तपत्र विचारते. भुकेच्या दारात उभे असताना आपण एकमेकांचे कोण होतो, हे कादंबरी विचारते.

तरीही कादंबरीला येथे विजयी ठरविणे घाईचे होईल. ‘अशनि’ म्हणजे वज्र. ते आकाशातून कोसळते. तो तांदूळ मात्र आकाशाने नेला नव्हता. युद्धकालीन धोरणे, साठेबाजी आणि शासकीय अनास्था यांनी तो गरिबाच्या आवाक्याबाहेर नेला होता. केवळ कथाच वाचणारा त्या मृत्यूंना दैव मानून हळहळेल आणि अपराधी निसटतील. सत्यजित राय यांनी या कादंबरीवर १९७३ मध्ये केलेल्या चित्रपटाच्या शेवटी बळींची संख्या आणि हा दुष्काळ मानवनिर्मित होता हे विधान पडद्यावर येते, ते अर्थपूर्ण आहे. तीस वर्षांनंतरही कथेला वार्तेची साक्ष काढावी लागली. जशी १९४३ मध्ये वार्तेला माणसाच्या चेहऱ्याची गरज भासली होती.

१९४५ च्या चौकशी आयोगाने मृतांची संख्या सुमारे १५ लाख मानली. पुढील अभ्यासकांचे अंदाज ३० लाखांपर्यंत जातात. या दोन आकड्यांमध्ये जी लक्षावधी माणसे नोंदीविना उरतात, त्यांचे ऋण दोन्ही लेखण्यांवर आहे. हिशेबावाचून केलेला शोक अपराध्यांना सोयीचा ठरतो, आणि शोकावाचून केलेला हिशेब मृतांना दुसऱ्यांदा निनावी करतो.