गाठ, दैव आणि वैद्याचे अकर्म

गुडघ्याच्या वर, मांडीच्या हाडाच्या आतील अंगास, दहाबारा वर्षांच्या मुलाच्या हाताला सुपारीएवढा टणक उंचवटा लागतो, तो दुखत नाही, दाबल्याने सरकत नाही, आणि क्ष-किरणांच्या चित्रात मूळ हाडाचा गाभाच अखंडपणे त्या उंचवट्यात शिरलेला दिसतो. असे झाले म्हणजे घरातील वडीलधारी मंडळी वैद्याच्या आधी दैवाकडे वळतात, आणि या अजाण लेकराने कोणत्या जन्मी कोणते पाप केले होते, असे विचारू लागतात. हा प्रश्न अडाणीपणाचा म्हणून झिडकारण्याजोगा नाही. पूर्वकर्माच्या सिद्धान्ताने आपल्याकडे कित्येक पिढ्यांना दुःख सोसण्याचे बळ दिले, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु त्याच सिद्धान्ताच्या आधारे एखाद्या मुलावर फिर्याद गुदरली जाऊ लागली, की तिची उलटतपासणी करणे भाग पडते.

वास्तविक ही गाठ, जिला आजच्या शास्त्रात ऑस्टिओकॉन्ड्रोमा म्हणतात आणि जिच्याशी मिळतीजुळती अध्यस्थि नावाची विकृती सुश्रुताने अस्थिविकारांत नोंदली आहे, कोणत्याही अपथ्याने वा अपराधाने होत नाही. हाडाच्या टोकाजवळील कूर्चेचा जो थर मुलाला उंची देतो, त्याचाच एक अंश बाजूला सरकून मूळ थराच्याच नियमाने तेथे हाड रचू लागतो. आणि मुलाची वाढ पुरी झाली की बहुधा तोही थांबतो. काही घराण्यांत अशा अनेक गाठी वंशपरंपरेने येतात, पण वारसा म्हणजे गुन्हा नव्हे. एकाच प्रक्रियेतून उंचीही यावी आणि गाठही यावी, आणि आपण मात्र पहिलीला कृपा व दुसरीला शिक्षा म्हणावे, हा न्याय कोणता?

चरकसंहितेच्या विमानस्थानात, तिसऱ्या अध्यायात, अग्निवेश आपल्या गुरूला, आत्रेयाला, विचारतो, की आयुष्याची मुदत ठरलेली असते की नाही; आणि आत्रेय जे उत्तर देतो ते कर्मवादी समाजात दिले गेले हे ध्यानात घेता धाडसाचेच म्हटले पाहिजे. पूर्वदेहातील कर्म ते दैव, या देहातील कर्म तो पुरुषकार. दोहोंच्या बलाबलावर आयुष्य अवलंबून असते, आणि दुर्बल दैव पुरुषकाराने हटते. सर्व काही नियतच असते, तर उधळलेल्या हत्तीपासून आणि मोकाट बैलापासून कोणी दूर पळाले नसते, ही त्याची कोटी मला फार आवडते.

मात्र पुरुषकार म्हणजे काहीतरी करून टाकणे, अशी जी समजूत रूढ आहे ती या गाठींपाशी लंगडी पडते. गाठीवर लेप लावणारा, तेलाने रगडून ती बसवू पाहणारा किंवा तप्त लोखंडाने डाग देणारा मनुष्य निष्क्रिय नसतोच. नुसता घातक असतो. उलट, मूल खेळताना पडले, पाय मुरगळला म्हणून चित्र काढले, आणि त्यात हाडाच्या कडेला नॉन-ऑसिफाइंग फायब्रोमाचा स्वच्छ किनारीचा डाग अवचित आढळला, तर जाणता शल्यवैद्य बहुधा शस्त्राला हातच लावीत नाही, कारण तो डाग तारुण्यापर्यंत आपोआप हाडाने भरून येतो. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली गीतेवर बोलताना विनोबांनी, करूनही न करणे आणि न करताही करणे, अशी अकर्माची दोन रूपे उलगडून दाखविली; या वैद्याचे थांबणे मी दुसऱ्या रूपाच्या जवळचे मानतो. दैवावर हवाला ठेवून बसलेला बापही थांबलेलाच असतो, पण वैद्याच्या थांबण्याला पुढील तपासणीची तारीख असते, जुन्या चित्राशी नवे ताडून पाहण्याचा शिरस्ता असतो, आणि अटीही असतात: वाढ संपल्यावरही गाठ वाढू लागली, दुखू लागली, किंवा गुडघ्याखाली बाहेरील अंगाच्या मज्जातंतूवर दाब येऊन पाऊल लुळे पडू लागले, तर ही तहकुबी तत्क्षणी रद्द.

काही गाठींपुढे थांबणे निर्दयपणाचे ठरते. ऑस्टिऑइड ऑस्टिओमाचा गाभा जेमतेम दीड सेंटीमीटरचा, पण तो मुलाला रात्रीमागून रात्र जागवतो, आणि अ‍ॅस्पिरिनजातीच्या औषधाने वेदना चटकन उतरते, ही त्याची ओळखच. वर्षानुवर्षांनी तो स्वतः शमतो खरा. परंतु सीटी स्कॅनच्या आधारे सुई घालून उष्णतेने तो जाळता येत असताना, सोसण्यात पुण्य आहे असे त्या मुलाला सांगण्याचा अधिकार कोणाला आहे, हे मला समजत नाही.

आणि वीस ते चाळीस वर्षांच्या वयात गुडघ्यालगत, सांध्यापर्यंत हाड पोखरीत जाणारी जायंट सेल गाठ तर उघडपणे पुरुषकाराची मागणी करते. शल्यवैद्य ती खरवडतो, पोकळीच्या भिंती यंत्राने घासून काढतो, तीत अस्थिसिमेंट भरतो. आणि इतके करूनही काही रुग्णांत ती बहुधा पहिल्या दोनतीन वर्षांत पुन्हा उद्भवते. तेव्हा रुग्ण पुन्हा येतो, चित्र पुन्हा काढले जाते, आणि दैवाला पूर्णपणे बेदखल न करणाऱ्या आत्रेयाशी वाद घालण्याचा माझा हुरूप बराच ओसरतो.