मागची बैठक, पुढची बैठक

गेल्या दिवाळीत आम्ही सारे चोरखमाऱ्याला गेलो होतो. गोंदिया जिल्ह्यातल्या तिरोडा तालुक्यातले हे गाव. नागझिऱ्याच्या जंगलात शिरण्याचे एक दार येथे आहे. नागपूरहून निघताना घरची माणसे दोन मोटारींत वाटली गेली. एक थोरल्या दादांची जुनी मर्सिडीझ; त्या कंपनीने १९९५ साली पुण्यात गाड्या जुळवायला घेतल्या, त्या सुरुवातीच्या काळातली. दुसरी पुतण्याची, चाकणला बनलेली व्हेंटो; अंगाने आटोपशीर, पण टर्बोच्या बळावर लहानशा इंजिनातून भलताच जोर काढणारी.

भंडाऱ्याला चहासाठी थांबलो, तेव्हा बापलेकांची जुंपली. दादा म्हणाले, "माझ्या गाडीत बसलं की रस्ता आहे हेच कळत नाही!"

पुतण्या हसून म्हणाला, "मग बाबा, रस्त्यावर यायचंच कशाला?"

वाद थट्टेचा होता, पण तो मला पुढे सोडीना. उंची मोटार मुळात मागे बसणाऱ्यासाठी बांधलेली असते. तिच्या स्प्रिंगा मऊ, दारे जाड. जगाचा गलबला बाहेरच राहतो. चपळ मोटार चालवणाऱ्यासाठी असते. तिच्या स्प्रिंगा ताठ. रस्त्याची बारीकसारीक कुरबूर थेट हाताला कळते. एकीचे सुख मिळण्यात, दुसरीचे करण्यात. ॲरिस्टॉटलने सुखाला क्रियाच मानले आहे. तो बहुधा पुतण्याच्या बाजूने बोलला असता.

पण खरे सांगायचे, तर दोघांच्याही हौसेत थोडी मिरवणूक होतीच. दादांना ती गाडी जुनी म्हणून स्वस्तात मिळाली. तिला पोसण्याचा खर्च मात्र श्रीमंतीचाच राहिला. पंधरा वर्षांनंतर नोंदणी पाच-पाच वर्षांनी नवी करावी लागते. तशी मुदत पुन्हा संपत आली होती, आणि गाडी ठेवायची की मोडीत काढायची, हा विषय दादा टाळीत होते. इकडे पुतण्याच्या गाडीतला निम्मा जोर आमच्या रस्त्यांवर झोपूनच असतो.

चोरखमाऱ्याला दोन्ही गाड्या दाराबाहेर धूळ खात उभ्या राहिल्या. आम्ही उघड्या जिप्सीत दाटीवाटीने बसून, वेगाला मनाई असलेल्या वाटेने जंगल पाहून आलो. कोणाची पाठ दुखली नाही की कोणाला वेग आठवला नाही.

परतताना दादांनी सवयीने आईसाठी मर्सिडीझचे मागचे दार उघडले. आई ब्याऐंशी वर्षांची. ती म्हणाली, "येताना झोपूनच गेले रे. धान कापायला आलंय म्हणतात, ते पाहू दे मला." आणि ती नातवाशेजारी, पुढे जाऊन बसली.

मी दादांच्या गाडीत मागे बसलो. पुढे पुतण्याची गाडी. येताना सर्वांना मागे टाकणारा तो पोरगा आता प्रत्येक खड्ड्यापाशी गाडी जवळजवळ थांबवीत होता. पिवळ्या शेतांपाशी तर चाल बैलगाडीची! दादा चडफडतील असे वाटले. पण रस्ता मोकळा असूनही ते मागेच राहिले.

गाडीचा जोर वेगात दिसतो. माणसाचा मात्र, तो जोर कोणासाठी आवरला यात दिसत असावा. तिरोडा आले तेव्हा दादा आपणहून म्हणाले, "नोंदणीचं काय ते या महिन्यात ठरवून टाकू." त्या मऊ बैठकीवर मला मात्र त्या दिवशी झोप आली नाही.