मामाला प्रश्न कोणी विचारायचा?

वकील न लावता आपला दावा आपण चालवू शकतो का? शकतो. दिवाणी प्रक्रिया संहितेचा तिसरा आदेश पक्षकाराला स्वतः हजर राहायची मुभा देतो. आईच्या माहेरच्या जमिनीचा प्रश्न निघाला तेव्हा माझ्यासारख्या कोड लिहून पोट भरणाऱ्याला हे वाचून हुरूपच आला. कायदा म्हणजे शेवटी लिहिलेला मजकूर. वाचू, समजून घेऊ. मजकूर आईच्या बाजूचाही होता. २००५च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मतः हक्क दिला, आणि विनीता शर्मा खटल्यात २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की त्यासाठी २००५मध्ये वडील हयात असण्याची गरज नाही. सातबाऱ्यावर एकट्या मामाचं नाव आहे, पण सातबाऱ्यावरच्या नोंदीने मालकी ठरत नाही.

पण 'आपण' म्हणजे कोण? वादी मी नाही, आई आहे. कुलमुखत्यारपत्र घेऊन मी कागद दाखल करू शकतो, तारखेला जाऊ शकतो. तिच्या वतीने युक्तिवाद करायचा हक्क मला त्यातून मिळत नाही, आणि जे तिलाच ठाऊक आहे त्याची साक्ष मी देऊ शकत नाही. म्हणजे वकील नको म्हटलं तर मामाची उलटतपासणी आईने घ्यायची. साठीतल्या बहिणीने पिंजऱ्यातल्या भावाला विचारायचं: वारसनोंद करताना माझं नाव का नाही दिलंस? की 'दिलंत'? घरी ती त्याला 'दादा, तू' म्हणते. कोर्टात काय म्हणायचं, हे कुठल्याच आदेशात नाही.

पैशाची सबब इथे टिकत नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या १२व्या कलमानुसार स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळू शकतो. (मावश्या-आत्यांना हे कोणी सांगत नाही, ही गोष्ट वेगळी.) मग उरतो तो खरा प्रश्न: जे विचारायचं ते स्वतःच्या तोंडाने विचारणं जास्त प्रामाणिक, की मध्ये काळा कोट असलेला बरा?

वकिलाच्या आडून माणसं नको ते लिहितात, हे खरंच आहे. 'लग्नातल्या दागिन्यांतच वादीचा हिस्सा फिटला', हे वाक्य भाऊ बहिणीच्या समोर बसून उच्चारणार नाही. कैफियतीत ते बिनदिक्कत येतं, आणि खाली सही त्याचीच असते. पण समोरासमोर बोलण्याचं ओझं दोघांवर सारखं नसतं. माहेरी जिने कधी आवाज चढवला नाही तिला 'तूच लढ' म्हणणं म्हणजे घरातली उतरंड उचलून कोर्टात नेणं. तिथेही मामा साक्षीदार कमी आणि थोरला भाऊ जास्त असेल. ती गप्प बसेल, आणि तिच्या गप्प बसण्यामुळेच तर नाव गळलं होतं. वकील ज्ञानाचे पैसे घेतो असं आपण समजतो. आईसाठी तो तासभर ते नातं बाजूला धरून उभा राहतो, आणि मला ते ज्ञानापेक्षा मोलाचं वाटतं.

म्हणून वकील घ्यावा या मताचा मी झालो. अट एकच घातली: दादाच्या तोंडावर म्हणता येणार नाही असं एकही वाक्य दाव्यात नको. आईने मसुदा वाचला आणि 'प्रतिवादीने कपटाने नोंद करून घेतली' यावर बोट ठेवलं.

"कपट नाही रे. त्याला वाटलं, मी मागणारच नाही."

वकील म्हणाले, कपट म्हटलं की त्याचा तपशील द्यावा लागतो, तेव्हा नसलेलंच बरं. ते वाक्य काढलं. हिश्श्याची मागणी आहे तशीच आहे.